विखुरलेली पिसे जमविणारा ह्यूम

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक, एवढीच अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना शालेय इतिहासाच्या पुस्तकातून झालेली असते. डिसेंबर १८८५, मुंबईचे गोकुळदास तेजपाल संस्कृत विद्यालय, ७२ प्रतिनिधी आणि ह्यूम. परीक्षेपुरते एवढे पाठ केले की हा माणूस आपल्या आयुष्यातून निघून जातो. परंतु दरवर्षी हिवाळ्यात साताऱ्यातील आणि सांगलीतील काही मंडळी गळ्यात दुर्बीण अडकवून मायणी-येरळवाडीच्या तलावांवर, कृष्णेच्या काठाने किंवा सागरेश्वरच्या टेकड्यांवर पहाटेच फिरू लागतात, दिसलेला प्रत्येक पक्षी वहीत टिपून घेतात आणि संध्याकाळी ती यादी इतरांच्या याद्यांबरोबर एकत्र करण्यासाठी पाठवितात, तेव्हा ती नकळत ह्यूम यांनीच घालून दिलेल्या वाटेने चाललेली असतात. पगार नाही, सक्ती नाही, पदवीची अट नाही. आवडीपोटी पाहावे, नोंदवावे आणि ती नोंद सर्वांच्या हवाली करावी, ही रीत भारतात मोठ्या प्रमाणावर प्रथम रुजविली ती या सनदी अधिकाऱ्याने. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश आणि सर्वांत मोठा आघात या दोन्ही गोष्टी याच कामाशी निगडित आहेत.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतील नामांकित सुधारणावादी सभासद. सरकारी खर्चातील पै-पैचा हिशेब मागणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात शल्यचिकित्सक होते आणि १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी बुंदेलखंडात होते. ओलाव्याने निकामी झालेली बंदुकीची दारू रसायनशास्त्राच्या ज्ञानाच्या बळावर पुन्हा वापरण्याजोगी करून दिल्याबद्दल त्यांचे नाव झाले होते. मराठ्यांशी लढणाऱ्या फौजेतील डॉक्टरचा हा मुलगा पुढे हिंदी माणसाच्या राजकीय हक्कांसाठी मुंबईत सभा भरविणार होता. बापाचा काटेकोर हिशेबीपणा आणि सत्तेला प्रश्न विचारण्याची खोड या दोन्ही गोष्टी मुलात उतरल्या. हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात शिक्षण घेऊन आणि थोडे वैद्यकाचे धडे गिरवून १८४९ मध्ये, अवघ्या विशीत, अ‍ॅलन भारतात दाखल झाले.

आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा हा जिल्हा त्यांच्या वाट्याला आला. जिल्ह्याचा कारभार हाती येताच त्यांनी गावोगावी मोफत शाळा काढण्याचा सपाटा लावला. १८५७ च्या आरंभापर्यंत जिल्ह्यात १८१ शाळा आणि त्यांत पाच हजारांहून अधिक विद्यार्थी झाले होते. त्याच वर्षी उठावाचा वणवा इटाव्यापर्यंत आला. ह्यूम यांना जिल्हा सोडून आग्ऱ्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि परतल्यावर हाती शस्त्र घेऊन जिल्हा पुन्हा ताब्यात आणावा लागला. या धामधुमीत त्यांनी तोवर जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. नशिबाने त्यांची ही परीक्षा एकदाच घेतली नाही, हे पुढे दिसेलच.

१८६७ मध्ये ह्यूम यांची नेमणूक जकात खात्याचे आयुक्त म्हणून झाली. सिंधूपासून महानदीच्या दिशेने सुमारे चार हजार किलोमीटर पसरलेली जकातीची सरहद्द तेव्हा इंग्रजांनी उभी केली होती. स्वस्त मीठ चोरून इकडून तिकडे जाऊ नये म्हणून तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे प्रचंड कुंपण वाढविले होते आणि हजारो शिपाई त्यावर पहारा करीत होते. गरिबाच्या मिठावर कर बसविणारी ही यंत्रणा. तिची देखभाल करण्याचे काम ह्यूम यांच्यासारख्या सहृदय माणसाने अत्यंत कार्यक्षमतेने केले, ही त्यांच्या चरित्रातील विसंगती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे अफाट प्रदेशातून घोड्यावरून फिरण्याची संधी. आणि दुसरी, दूरदूरच्या ठाण्यांवर एकाकी बसलेल्या माणसांशी पत्रांतून काम करण्याची सवय. राजस्थानातील सांभर सरोवरावर मिठाच्या खात्यात असलेले अ‍ॅडम यांच्यासारखे अधिकारी पुढे त्यांच्या पक्षिकार्यातील साथीदार झाले.

त्या काळी भारतातील पक्ष्यांविषयी हाताशी धरावा असा एकच ग्रंथ होता. लष्करी वैद्य टी. सी. जर्डन यांनी लिहिलेला तो ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला होता. जर्डन यांनी प्रत्येक पक्ष्याला क्रमांक दिला होता. ग्रंथ उत्तम होता, पण देश केवढा! अमुक पक्षी कोणत्या जिल्ह्यात आढळतो, कोणत्या महिन्यात येतो आणि कधी जातो, घरटे कशावर बांधतो, अंडी किती घालतो, या प्रश्नांची उत्तरे एका माणसाने, मग तो कितीही फिरस्ता असो, एका आयुष्यात मिळविणे शक्य नव्हते. ह्यूम यांनी हे ओळखले. देशभर पसरलेले कलेक्टर, लष्करी अधिकारी, रेल्वेचे अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ, चहा-कॉफीचे मळेवाले आणि मिशनरी यांच्यापैकी ज्याला पाखरांची आवड आहे त्याला त्यांनी पत्रे लिहिली. आपल्या परिसरातील पक्ष्यांची यादी करा, जर्डनच्या क्रमांकानुसार लावा, नेहमीचा कोण आणि क्वचित दिसणारा कोण ते लिहा, तारखा द्या, शंका असेल तेथे नमुना पाठवा, अशी त्यांची मागणी असे. सर्व याद्या एकाच क्रमांकांवर बेतल्यामुळे सिंधमधील यादी त्रावणकोरमधील यादीशेजारी ठेवून ताडून पाहता येई. आजच्या संगणकीय नोंदींमागचे तत्त्व याहून वेगळे नाही.

या सर्व पत्रांना घर मिळावे म्हणून १८७२ च्या अखेरीस ह्यूम यांनी स्वखर्चाने एक नियतकालिक सुरू केले. त्याचे नाव ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे विखुरलेली पिसे. हे नाव मोठे अर्थपूर्ण होते. एकेक नोंद म्हणजे वाऱ्यावर उडणारे एकेक पीस. सुटे असताना त्याला किंमत नाही, पण अशी हजारो पिसे एकत्र जुळविली तर त्यांतून पक्ष्याचा आकार उभा राहतो. संपादक ह्यूम, मालक ह्यूम आणि सर्वाधिक लेख लिहिणारेही ह्यूमच. त्यांची लेखणी तिखट होती. चुकीची नोंद पाठविणाऱ्याची ते गय करीत नसत, वादात माघार घेत नसत आणि नव्या जातींना नावे देण्याची त्यांना इतकी घाई असे की, त्यांतील कित्येक जाती पुढे नव्या ठरल्या नाहीत. मित्रमंडळी त्यांना भारतीय पक्षिशास्त्राचे पोप म्हणत, त्यात आदराबरोबर थोडी थट्टाही असावी. परंतु सांभरच्या मीठ-अधिकाऱ्याची नोंद आणि लष्करी कप्तानाची नोंद त्यांनी एकाच तराजूत तोलली. नोंद करणाऱ्याचा हुद्दा पाहायचा नाही, नोंदीचा पुरावा पाहायचा, हा दंडक त्यांनी पाळला. १८७४ मध्ये तर त्यांनी हौशी संग्राहकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. नमुना कसा टिकवावा, मापे कशी घ्यावीत आणि चिठ्ठीवर काय काय लिहावे, याचे धडे तीत होते.

या पिसांमधील काही पिसे आपल्या सह्याद्रीतून आणि दख्खनच्या पठारावरून गेली आहेत. नगर जिल्ह्यातील वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम करणारे रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक हे ह्यूम यांच्या वार्ताहरांपैकी एक. धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून ते शंख-शिंपले आणि पाखरे जमवीत. पळणी टेकड्यांमधील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही टिकून आहे. १८७६ च्या ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर या परिसरांत गोळा केलेल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. साताऱ्याच्या डोंगरमाथ्यावरील पक्षिजीवनाची जी सुरुवातीची छापील नोंद आज अभ्यासकांना उपलब्ध आहे, तीत या यादीचे स्थान महत्त्वाचे आहे. महाबळेश्वर तेव्हा गोऱ्या साहेबांचे थंड हवेचे ठिकाण होते. तेथे विश्रांतीसाठी शेकडो लोक येत; त्यांच्यापैकी एकाने झाडीतील आवाजांकडे लक्ष दिले आणि ते लिहून ठेवले, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या रानाचा थोडा तरी अंदाज आपल्याला बांधता येतो.

त्यानंतर १८७८ मध्ये मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन आणि अभियंते वेंडन या दोघांनी मिळून दख्खनच्या पक्षिसृष्टीवर एक विस्तृत लेख दिला. बेळगावच्या छावणीतील कॅप्टन ई. ए. बटलर यांनी दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्र या प्रदेशांतील पक्ष्यांची तात्पुरती सूची तयार करून ती नवव्या खंडात छापली, तर त्याच खंडात जी. डब्ल्यू. व्हिडाल यांची दक्षिण कोकणची यादी आली. त्या वेळचा नकाशा आजच्यापेक्षा वेगळा होता, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन त्याचा इंग्रजी जिल्हा झाला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके त्या विस्तीर्ण सातारा जिल्ह्यातच मोडत. खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात गणली जात. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. फेअरबँक, डेव्हिडसन, वेंडन, बटलर आणि घाटाखालचे व्हिडाल यांच्या याद्या शेजारी ठेवल्या, की महाबळेश्वरच्या कड्यापासून कृष्णा-वारणेच्या खोऱ्यापर्यंतच्या टापूभोवती नोंदींचे एक जाळे विणले गेलेले दिसते. हे जाळे कोणत्याही सरकारी आदेशाने विणलेले नव्हते.

या जाळ्यात एक मोठी उणीव होती. पक्षी शोधून देणारे पारधी आणि शिकारी, कातडी सोलून भरणारे कारागीर, घरटे कोठे आहे ते दाखविणारी गावातील मुले यांच्यावाचून यातील बरेचसे काम होणे शक्य नव्हते. तरीही याद्यांवर नावे आहेत ती साहेबांची. हे जाळे गोऱ्या अधिकाऱ्यांपुरते मर्यादित राहिले. सामान्य मराठी माणसाला त्यात नावानिशी जागा मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. शिवाय हे सारे निरीक्षण बंदुकीच्या नळीतून होत असे. पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा, हीच त्या काळची पद्धत होती.

याच सुमारास ह्यूम यांच्या नोकरीला ग्रहण लागले. १८७१ पासून ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव होते. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाविषयी आणि शेतीच्या सुधारणेविषयी त्यांची स्वतंत्र मते होती आणि ती वरिष्ठांना ऐकविण्यात त्यांनी कधी संकोच केला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत, १८७९ मध्ये, त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादला कमी दर्जाच्या जागेवर पाठविण्यात आले. १८८२ मध्ये त्यांनी सेवा सोडली. मधल्या काळात सिमल्याच्या जाखू टेकडीवरील ‘रॉथनी कॅसल’ या आपल्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे खासगी संग्रहालय उभारले होते. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मणिपूर येथील मोहिमांतून आणि शेकडो वार्ताहरांच्या पार्सलांतून आलेले हजारो नमुने तेथे कपाटांत लावलेले होते. सी. एच. टी. मार्शल यांच्या साथीने शिकारीच्या पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथही त्यांनी १८७९ ते १८८१ या काळात पूर्ण केला. आता उरला होता तो मुख्य ग्रंथ. भारतीय साम्राज्यातील सर्व पक्ष्यांचा समग्र ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी सुमारे २५ वर्षांची टिपणे जमवून ठेवली होती.

आणि तेथेच घात झाला. ह्यूम सिमल्यात नसताना एका नोकराने ती हस्तलिखिते बाहेर काढली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली. परत आल्यावर ह्यूम यांना कळले, की पाव शतकाचे काम पुड्या बांधण्यासाठी गेले आहे. १८५७ मध्ये गमावलेला संग्रह पुन्हा उभा करता आला होता. वय तरुण होते. आता पन्नाशी उलटलेली होती. त्यातच थिऑसॉफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारण्याविषयीच त्यांच्या मनात तिटकारा निर्माण झाला होता. त्यांनी पक्षिशास्त्राकडे कायमची पाठ फिरविली. पुढे काही खंड निघाले, तरी ‘स्ट्रे फेदर्स’चा जीव गेला होता. १८८८ नंतर ते थांबले.

संग्रहाचे काय करायचे हा प्रश्न होता. ह्यूम यांनी तो एक पैसाही न घेता ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. म्युझियमचे तज्ज्ञ रिचर्ड बाउड्लर शार्प १८८५ मध्ये स्वतः सिमल्याला आले. तत्पूर्वी किडीने खाल्लेले सुमारे २०,००० नमुने नष्ट करावे लागले होते. तरीही उरलेला संग्रह सुमारे ८२,००० नमुन्यांचा होता. देवदाराच्या लाकडाची ४७ खोकी तयार करण्यात आली. ती बैलगाड्यांतून डोंगर उतरून कालक्याला आणि तेथून मुंबई बंदरात आली. ज्या वर्षी ही खोकी मुंबईहून बोटीत चढली, त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द ह्यूम एका निराळ्याच कामासाठी मुंबईत उभे होते.

काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाची ही कथा सर्वज्ञात आहे. पण तिचा पक्ष्यांशी असलेला धागा सहसा कोणी दाखवीत नाही. १८८३ मध्ये ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि देशकार्यासाठी निःस्वार्थी माणसे पुढे यावीत असे आवाहन केले. पाठोपाठ प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकांना न भेटलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी, पण एका विषयाची तळमळ असलेली माणसे पत्रांतून कशी जोडायची, हे कसब त्यांनी बारा-तेरा वर्षे ‘स्ट्रे फेदर्स’ चालविताना कमावले होते. अधिवेशन पुण्यात, सार्वजनिक सभेच्या यजमानपदाखाली भरायचे होते. पण पटकीची साथ आल्याने ऐनवेळी ते मुंबईला हलविण्यात आले. २८ डिसेंबर १८८५ रोजी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ते सुरू झाले. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग अशी मंडळी तेथे होती. पुढील अनेक वर्षे ह्यूम काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून राबले आणि १८९४ मध्ये त्यांनी भारताचा निरोप घेतला.

इंग्लंडला परतल्यावर हा माणूस स्वस्थ बसला असेल असे वाटत असेल, तर ते चूक. पक्षी सुटले, पण नोंदींचा छंद सुटला नाही. साठी ओलांडलेल्या ह्यूम यांनी वनस्पतींचा अभ्यास हाती घेतला आणि १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था आपल्या पैशाने स्थापन केली. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या सामान्य नागरिकालाही तेथे येऊन झाडे-फुले अभ्यासता यावीत, हा तिचा हेतू होता. ती संस्था आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी ह्यूम यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात त्या पिसांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. हौशी निरीक्षकांच्या नोंदींना तेथे नवे घर मिळाले आणि हळूहळू हिंदी नावेही त्यात दिसू लागली. डॉ. सलीम अली याच संस्थेच्या अंगणात वाढले. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली.

नोंदीची किंमत किती असते, हे रानपिंगळ्याच्या कथेने सिद्ध केले. एफ. आर. ब्लुइट यांनी मिळविलेल्या नमुन्यावरून १८७३ मध्ये ह्यूम यांनीच या छोट्या घुबडाचे वर्णन केले आणि ब्लुइट यांचे नाव त्याला दिले. दख्खनची यादी करणारे डेव्हिडसन पुढे खानदेशात गेले आणि १८८० च्या दशकात तेथे त्यांना हा पक्षी मिळाला. १८८४ नंतर तो कोणालाच सापडेना. विसाव्या शतकात कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रतिष्ठित पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळविल्याचा दावा केला आणि त्या दाव्याने शोधाची दिशाच चुकली. अमेरिकी संशोधिका पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कर्नलसाहेबांचा नमुना हा डेव्हिडसन यांचाच, चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या प्रामाणिक नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे मेळघाट आणि तानसा येथेही त्याची नोंद झाली. एका कलेक्टराने सचोटीने लिहिलेल्या ठिकाणाने आणि तारखेने एक जात हरवलेल्यांच्या यादीतून परत आणली.

अशीच गोष्ट मोठ्या चोचीच्या बोरू-वटवट्याची. १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात ह्यूम यांना त्याचा एकच नमुना मिळाला होता. जवळजवळ १४० वर्षे जगात तेवढाच नमुना होता आणि ही खरोखर वेगळी जात आहे काय, अशी शंका घेतली जाई. २००६ मध्ये थायलंडमध्ये तसा जिवंत पक्षी हाती लागला, तेव्हा ह्यूम यांच्या नमुन्यातील जनुकांशी तुलना करूनच त्याची ओळख पटली.

आज ह्यूम यांची पद्धत घरोघरी पोचली आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते; २०१३ पासून फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतील पक्षिगणना भारतातही होऊ लागली. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२० च्या अहवालाला १५,५०० पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींचा आधार होता. २०२३ च्या अहवालात निरीक्षकांची संख्या ३०,००० आणि नोंदींची संख्या तीन कोटींवर गेली. त्यातून ९४२ जातींचा आढावा घेता आला. माळरानांवरील पक्षी झपाट्याने घटत आहेत, हा त्यातील एक निष्कर्ष माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील लोकांना विचार करायला लावणारा आहे. कालव्याचे पाणी येते, माळ नांगरले जातात, पवनचक्क्या उभ्या राहतात. हे बदल माणसाला हवेच असतात. पण त्यांची किंमत कोणत्या पाखराने मोजली, हे कळायला त्या माळावरची जुनी आणि नवी यादी दोन्ही हाताशी लागतात. माळढोकाचेच पाहा. ह्यूम आणि मार्शल यांनी दख्खनच्या ज्या पक्ष्याविषयी शिकारीचा पक्षी म्हणून सविस्तर लिहिले, त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य करावे लागले आणि तरीही तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला.

ह्यूम यांच्या चरित्रात आजच्या निरीक्षकासाठी एक कठोर धडा दडलेला आहे. फेअरबँक यांनी महाबळेश्वरची यादी पाठविली, डेव्हिडसन-वेंडन यांनी दख्खनची पाठविली, बटलर यांनी दक्षिण महाराष्ट्राची पाठविली. त्या छापल्या गेल्या, अनेक ग्रंथालयांत पसरल्या आणि म्हणून आजही वाचता येतात. स्वतः ह्यूम यांनी अधिक मोठ्या, अधिक परिपूर्ण ग्रंथासाठी जी टिपणे आपल्या कपाटात राखून ठेवली, ती मात्र सिमल्याच्या बाजारात गेली. दुसऱ्यांची पिसे त्यांनी वाचविली. स्वतःची वाचविता आली नाहीत. आपल्या शहरांतही कित्येक घरांत वीस-वीस, तीस-तीस वर्षांच्या पक्षिनिरीक्षणाच्या वह्या कपाटांत पडून असतील. कोयनेच्या काठी अमुक साली पहिला कोकीळ कधी ओरडला, मायणीला रोहित पक्षी कोणत्या वर्षी उतरले आणि कोणत्या वर्षी फिरकलेच नाहीत, सांगलीच्या घाटावर नदीसुरय किती होते, हे त्यांत लिहिलेले असेल. त्या वह्या लिहिणाऱ्याच्या हयातीत सर्वांपर्यंत पोचल्या, तर त्यांचा इतिहास होईल. नाहीतर घर आवरताना त्या रद्दीवाल्याकडे जातील.

ह्यूम यांच्या नावाचा एक चिमुकला वटवट्या आहे. त्यांचे सहकारी आणि प्रसंगी त्यांच्याशी वाद घालणारे रेल्वे अभियंते डब्ल्यू. ई. ब्रुक्स यांनी त्याला हे नाव दिले. हिमालयाच्या उंच रानांत उन्हाळा काढून तो हिवाळ्यात दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत येतो. झाडाच्या शेंड्यात तो क्षणभरही स्थिर बसत नाही, त्यामुळे ओळखायला अवघड. पण यंदाच्या हिवाळ्यात कोणी तो नीट पाहिला, तर त्याने तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ती नोंद त्याच दिवशी पुढे पाठवावी.